'होप स्प्रिंग्ज' बघितलाय का कोणी? आर्नल्ड शेवटी बदलतो ते पटलं का?

पावसाळी_छत्री :

परवा रात्री 'होप स्प्रिंग्ज' बघितला, २०१२ चा आहे म्हणजे तसा जुनाच, पण माझ्या बघण्यात आत्ता आला. मेरिल स्ट्रीप, टॉमी ली जोन्स, स्टीव्ह कॅरेल. दिग्दर्शक डेव्हिड फ्रँकेल, 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' केला तोच. पुढे शेवटासकट सगळं लिहिणारे, ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच कलटी मारा.

बघून विसरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. के आणि आर्नल्ड सोम्स, अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहाला राहणारं जोडपं, लग्नाला ३१ वर्षं झालीयेत. मुलगा मुलगी मोठे होऊन आपापल्या घरी. तो अकाउंटंट, ती कपड्यांच्या दुकानात कामाला. रोज सकाळी ती त्याला अंडं नि बेकन करून देते, तो पेपरात डोकं घालून खातो, गालाला ओठ लावल्यासारखं करतो की चालला. रात्री टीव्हीवर गोल्फ शिकवणारा कार्यक्रम आणि खुर्चीतच डुलक्या. झोपायच्या खोल्या वेगळ्या. लग्नाच्या वाढदिवसाला एकमेकांना काय घेतलं तर केबलचं नवीन पॅकेज!! (इथे आमच्या सोफ्यावरून "बरंय की मग, दोघांना उपयोगी" असा आवाज आला. आमच्याकडे गेल्या वाढदिवसाला वॉटर प्युरिफायर आला होता.)

मग के स्वतःच्या साठवलेल्या पैशातून ४००० डॉलर भरते आणि मेन राज्यात एका छोट्या गावात डॉ. फेल्ड म्हणून समुपदेशक असतो त्याच्याकडे एका आठवड्याचं बुकिंग करून येते. आर्नल्ड म्हणतो मी येणार नाही. ही एकटी विमानात जाऊन बसते आणि शेवटच्या क्षणी हा तोंड पाडून शेजारी येऊन बसतो. तिथे आठवडाभर फेल्ड त्यांना रोज काहीतरी गृहपाठ देतो, थोडं जमतं, थोडं फसतं, शेवटची रात्र तर चांगलीच फसते, आणि दोघं जसे गेले तसे परत ओमाहाला. परत अंडं, परत पेपर, परत गोल्फ. ती बॅग भरायला लागते. आणि मग एका रात्री तो उठून तिच्या खोलीत येतो, आणि झालं, सगळं जमलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नीट किस वगैरे, समाप्त.

मला विचारायचंय ते हेच. इतकी वर्षं जो माणूस हलला नाही, चांगला डॉक्टर डोकं फोडून दमला तरी हलला नाही, तो एका रात्रीत कसा काय बदलतो? मला वाटलं लिहिणाऱ्यांना सिनेमा गुंडाळायची घाई झाली. आणि दुसरं म्हणजे सगळं खणायचं काम केनेच का करायचं? पैसे तिने भरायचे, पुस्तकं तिने वाचायची, रडायचं तिने आणि शेवटी निघून जायची तयारी पण तिनेच दाखवायची, मग साहेब उठणार! स्ट्रीपबाईंनी काम अप्रतिम केलंय त्याबद्दल वादच नाही, त्या नाईटीत दारात उभ्या राहतात आणि तो काहीतरी तब्येतीचं कारण सांगून टाळतो तिथे माझ्या पोटात खड्डा पडला. पण शेवट काही पचला नाही. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_सीए :

आर्नल्डचा वकील म्हणून हजर. (पेशाने सीए आहे पण आज वकिली.)

ताई तुम्ही एका वाक्यात उरकलंत ते वाक्य महत्त्वाचं आहे हो, "शेवटच्या क्षणी शेजारी येऊन बसतो". अहो ज्या माणसाला गावातल्या डायनरमधल्या नाश्त्याचा दर बघून घाम फुटतो तो माणूस आयत्या वेळचं विमानाचं तिकीट काढून येतो, ही त्याची प्रेमाची भाषा नाही तर काय आहे! आता हिशोबच करायचा तर २०१२ ला डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे नुसती फी सव्वादोन लाखाच्या घरात, वर विमान, वर मोटेल, वर त्या डॉक्टरचे प्रश्न. आणि आयकराच्या वैद्यकीय सवलतीत पण बसत नाही. :)

गंमत बाजूला, पण सिनेमात काटकसर म्हणजे प्रेमाचा अभाव असं जे धरून चाललेत ते मला खटकलं. आमच्या व्यवसायात असे पन्नास आर्नल्ड रोज भेटतात. त्यांनी घराचं कर्ज फेडलेलं असतं, मुलांची शिक्षणं केलेली असतात, बायकोच्या नावाने एफडी असते जी तिला माहितीपण नसते. बोलता येत नाही एवढाच गुन्हा. टॉमी ली जोन्सने तो चेहरा काय केलाय, सोफ्याच्या एका टोकाला अंग चोरून बसलाय, ती दुसऱ्या टोकाला, मध्ये अजून एक जोडपं बसेल एवढी जागा, आणि तो डॉक्टर शांतपणे नको ते विचारतोय. मला तर त्याच्याजागी मी दिसलो आणि एसी चालू असून घाम आला.

मिसूरीची_माई :

मी कॅन्सस सिटीत राहते, ओमाहा इथून गाडीने साधारण तीन तास, त्यामुळे ह्या सिनेमावर आपला थोडा हक्क आहे असं समजते.

इथले त्या वयाचे पुरुष खरंच असे असतात. शेजारचे आजोबा तुमच्याशी वर्षभरात दहा वाक्यं बोलणार नाहीत पण बर्फ पडला की तुम्ही उठायच्या आत तुमच्यासमोरचा रस्ता साफ करून गेलेले असतात, आणि थँक्यू म्हणायला गेलं तर लाजून आत जातात. आर्नल्ड तसाच आहे. त्यामुळे सीएदादांचं थोडंफार पटतंय, पण फक्त थोडंफार, कारण के ला बर्फ साफ करून नको होता, हात हातात हवा होता.

गावाबद्दल सांगते, 'ग्रेट होप स्प्रिंग्ज' असं मेनमध्ये काही नाहीये, सिनेमासाठी बनवलेलं नाव आहे. शूटिंग झालंय कनेटिकटमधल्या स्टोनिंग्टनला. माझा मामेभाऊ तिकडे असतो त्यामुळे जाणं झालंय. छोटंसं बंदर, मासेमारीच्या बोटी अजून आहेत, अरुंद रस्ते, पांढरी लाकडी घरं, सगळं हाताच्या अंतरावर. तिथे गेलं की कळतं की हेच गाव का निवडलं असेल. नेब्रास्कात सगळं मैलोन्मैल सपाट आणि ऐसपैस, घरंसुद्धा एवढी मोठी की दोन माणसं दिवसभर एकमेकांना न दिसता राहू शकतात. आणि इकडे हे दोघं एका स्वस्तातल्या मोटेलच्या खोलीत येऊन पडतात, जायला दुसरी खोलीच नाही. मला वाटतं डॉक्टरपेक्षा अर्धं काम त्या खोलीनेच केलं असेल.

बारमधला सीन विसरलात का कोणी? के भांडून एकटी बारमध्ये जाऊन बसते आणि ती बारवाली सगळ्या गिऱ्हाइकांना विचारते की इथे कोणाचं कोणाचं घरी काहीच चालू नाहीये, आणि भराभर हात वर!! मी इतकी हसले की पोरगी खालून विचारायला आली.

दुपारची_झोप :

प्रश्न आहे, हसू नका. आईबाबांच्या लग्नाला ३० वर्षं होतायत पुढच्या महिन्यात. घरी सगळे जमणार, मी विचार करत होते की प्रोजेक्टर लावून हा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघावा, पोस्टर गोड वाटलं, रोमँटिक कॉमेडी आहे, म्हातारं जोडपं आहे. मावश्या, काका, आजी सगळे असतील. चालेल ना?

खडूस_सीए :

नाही.

मिसूरीची_माई :

नाही गं बाई!! अगं त्यात ती पुस्तक वाचून केळ्यावर प्रॅक्टिस करते. आणि पुढे थिएटरच्या अंधारात जे होतं ते आजीबरोबर बघायचंय का तुला? पोस्टरवर जाऊ नकोस.

जुना_प्रोजेक्टर :

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मोठा प्रतिसाद होणारे, चहा घेऊन बसा.

लग्न झालेल्या जोडप्याची प्रेमकथा हा प्रकार हॉलिवूडमध्ये नवा नाही, उलट बोलपट आल्यानंतरच्या पहिल्या सुवर्णकाळातला लाडका प्रकार आहे. स्टॅन्ली कॅव्हेल म्हणून तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९८१ मध्ये 'परस्यूट्स ऑफ हॅपीनेस' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय ह्यावर, सात सिनेमे घेऊन. त्यांचं म्हणणं, ह्या सिनेमांमध्ये प्रश्न 'दोघं एकत्र येतील का' हा नसतो, 'परत एकत्र येतील का' हा असतो. त्यात एक व्यवहारी कारणही होतं. १९३४ पासून तिकडे सेन्सॉरचे नियम कडक झाले, लग्नाबाहेरची भानगड गमतीत दाखवणं अवघड झालं. मग युक्ती काय, तर नवराबायकोचाच घटस्फोट लावा, मधल्या काळात दोघांना हवं तेवढं हुंदडू द्या आणि शेवटी परत एकत्र आणा, म्हणजे पावित्र्यपण राखलं जातं आणि चावटपणापण होतो.

ह्यातला माझा सगळ्यात आवडता 'द ऑफुल ट्रुथ', १९३७ चा. केरी ग्रांट आणि आयरीन डन. घटस्फोट मंजूर झालाय पण लागू व्हायला ९० दिवस आहेत, शेवटच्या रात्री दोघं डोंगरातल्या एका घरात, शेजारशेजारच्या खोल्यांमध्ये, मध्ये एक दार जे धड बंदच होत नाही, वाऱ्याने उघडतंय, आणि भिंतीवरचं घड्याळ बाराकडे चाललंय. बाराला घटस्फोट पक्का. त्या दारावर लिओ मॅकेरीने जो खेळ केलाय त्याला तोड नाही, त्याला त्या वर्षी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

आता 'होप स्प्रिंग्ज' बघा. इथे पण शेवट दोन खोल्या आणि एक दार ह्यावरच येतो. पण इथे घड्याळ नाही, वकील नाही, दुसरी बाई नाही, दुसरा पुरुष नाही, घरात साधं भांडणसुद्धा नाही. खलनायक म्हणाल तर रोजचं अंडं. लेखिका व्हेनेसा टेलरने (जिने पुढे 'द शेप ऑफ वॉटर' सहलेखिका म्हणून लिहिला) अवघड वाट घेतली, कारण काही घडतच नाहीये अशा घरावर कॉमेडी लिहिणं भांडणाऱ्या घरापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे शेवटाला धक्का द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. कॅव्हेलच्या सिनेमांत दोघं बडबड करत करत एकमेकांपर्यंत पोचतात, ग्रांट आणि डन ह्यांना गप्प कसं बसवायचं हा प्रश्न असतो. इथे आर्नल्डला दोन वाक्यं जोडून बोलता येत नाहीत, मग तो बोलून कसा बदलणार?

माझी खरी तक्रार मात्र फ्रँकेलवर आहे. चांगला शांत प्रसंग चाललाय, दोन कसलेले नट नुसत्या खांद्यांनी अभिनय करतायत, आणि हा मध्येच गाणं वाजवतो. प्रत्येक वेळी! आम्हाला कळतंय बाबा की आता हळवं व्हायचंय. ती गाणी काढली तर सिनेमा दुप्पट चांगला होईल.

पावसाळी_छत्री :

प्रोजेक्टर, गाण्यांबद्दल शंभर टक्के सहमत. आणि 'द ऑफुल ट्रुथ' यादीत टाकला.

सीएदादा, एफडीचं ऐकून गहिवरून आलं पण बायकोला माहितीच नसलेली एफडी ही तिच्या काय कामाची? केची तक्रार तो वाईट आहे ही नाहीचे ना. ती एका सेशनला साधारण असं म्हणते की ह्याच्याबरोबर राहण्यापेक्षा एकटी राहिले असते तर कदाचित कमी एकटं वाटलं असतं. हे वाक्य आमच्या घरात पडलं तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं आणि ह्यांनी उठून पंखा कमी केला, गरज नसताना.

ठाण्याची_शमा :

मी जोडप्यांचं समुपदेशन करते त्यामुळे हा सिनेमा आमच्या वर्तुळात बऱ्याचदा निघतो. अर्थात कोणाच्याही केसबद्दल इथे बोलणार नाही, फक्त सिनेमाबद्दल.

फेल्ड जो गृहपाठ देतो तो लेखिकेने मनाने रचलेला नाहीये. पहिल्या रात्री काय सांगतो, तर फक्त मिठीत घेऊन राहा, बास. मग पुढे फक्त स्पर्श. ह्या पद्धतीला सेन्सेट फोकस म्हणतात आणि ती विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन ह्या दोघांनी बसवली, तीसुद्धा माईंच्या मिसूरीतच, सेंट लुईसला! त्यांचं ह्यावरचं पुस्तक १९७० ला आलं. जोडप्यांनी घर, काम, मुलं सगळं सोडून सेंट लुईसला येऊन दोन आठवडे राहायचं आणि रोज भेटायचं असा त्यांचा कार्यक्रम होता. म्हणजे लांबच्या गावी जाऊन राहण्याची कल्पना पण तिथलीच. थेरपिस्टही दोन असायचे, एक स्त्री एक पुरुष, म्हणजे कोणा एकाला आपण अल्पमतात आहोत असं वाटू नये. आर्नल्डला ते फार बरं पडलं असतं, त्याला सुरुवातीपासून वाटत असतं की हा डॉक्टर बायकोच्या पार्टीतला आहे.

ह्या पद्धतीची गंमत काय आहे, तर सुरुवातीला पुढचं सगळं बंद असतं. चक्क मनाई. कारण ह्या वयापर्यंत, इतक्या वर्षांच्या खंडानंतर माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल तर नापास होण्याची. पास व्हायचंच नाहीये म्हटल्यावर भीती जाते, मग हात जरा मोकळा होतो.

आता सिनेमातली शेवटची मेनमधली रात्र आठवा. महागडं हॉटेल, शॅम्पेन, स्ट्रॉबेरी, शेकोटी. आर्नल्डने स्वतः खर्च केलाय, म्हणजे केवढं मोठं पाऊल! आणि नेमकं तिथेच फसतं. कारण ती रात्र म्हणजे परीक्षाच होती, आठवडा संपत आलेला, पैसे भरलेले, उद्या परतीचं विमान. फेल्ड कितीही समजूतदार दाखवला असला (आणि स्टीव्ह कॅरेल एकदाही विनोद न करता हे काम करतो ह्याचं मला फार कौतुक आहे) तरी त्याचं वेळापत्रक मला घाईचं वाटतं. एका आठवड्यात मिठीपासून इथपर्यंत आणायचं म्हणजे त्याने त्यांना नापास व्हायलाच बसवलं. बरं, फसल्यावर ती काय समजते, की आपण त्याला आवडत नाही. आणि तो काय समजतो, की आपण कामाचे राहिलो नाही. दोघं दोन वेगळ्या दुःखांत आणि एकाच विमानात.

म्हणून छत्रीताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तो एका रात्रीत बदलत नाही. तो बदलायला लागलाय विमानापासून, मग मोटेलमध्ये खाली वेगळं झोपायचं सोडून तिच्याशेजारी येतो तेव्हा, मग हॉटेल बुक करतो तेव्हा. फक्त आत्तापर्यंतचं सगळं कोणीतरी सांगितलेलं असतं किंवा कोणाला तरी दुसऱ्या दिवशी सांगायचं असतं. ओमाहाच्या त्या रात्री गृहपाठ नाही, उद्या सकाळी सोफ्यावर बसून हिशोब द्यायचा नाही. पहिल्यांदाच हे त्याचं स्वतःचं आहे. त्यामुळे जमतं.

पावसाळी_छत्री :

शमाताई, हा कोन लक्षातच आला नव्हता. डॉक्टरला सांगायचं नाहीये म्हणून जमलं... हम्म. ह्याने शेवट बराच पटला.

पण माझा दुसरा मुद्दा तसाच आहे. ती बॅग भरते म्हणून तो उठतो. ती बॅग भरली नसती तर तो अजून गोल्फच बघत बसला असता. म्हणजे बायकोने जायची भीती घातल्याशिवाय काही होत नाही असा अर्थ निघतो, आणि तो मला आवडत नाही.

ओवी_आजी :

मुलींनो आणि मुलांनो, मी ह्या धाग्यावर सगळ्यात मोठी दिसते म्हणून हक्काने लिहिते.

सिनेमा मी सुनेबरोबर बघितला. हो, केळ्यासकट बघितला, काही होत नाही. सून मोबाईलमध्ये बघत होती आणि मी सिनेमा बघत होते.

मला एक सांगा, ह्यांचं लग्न शिळं झालं म्हणता, पण शिळं व्हायला आधी ताजं मिळावं लागतं ना? आम्ही दादरला चाळीत राहायचो, दोन खोल्या, सासूसासरे, दोन दीर, नणंद, वर गावाकडून कोणीतरी कायम आलेलं. वेगळी खोली ही तक्रार करायला आमच्याकडे खोलीच नव्हती. नवऱ्याशी धड बोलायला मिळायचं ते भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो तर. आमचा रोमान्स सगळा प्लाझासमोरच्या फुटपाथवर झाला, मेथीची जुडी हातात घेऊन. आणि मग मुलं परदेशात गेली, मोठा फ्लॅट झाला, खोल्याच खोल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की आता बोलायला कोणी अडवत नाहीये पण विषयच संपलेत.

म्हणून 'बधाई हो' मला जास्त जवळचा वाटला, २०१८ चा, नीना गुप्ता आणि गजराज राव. तिथे त्या दोघांचं आपापसात उत्तम चाललेलं असतं! तो तिकीट तपासनीस माणूस या वयात बायकोला कविता वाचून दाखवतो. पंचाईत होते ती लोकांची, मुलांची, शेजाऱ्यांची, सासूची. (सुरेखा सिक्रींना त्या सासूसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि हक्काचा होता.) आपल्याकडे विनोद ह्यावर होतो की ह्या वयात ह्यांना सुचतंच कसं. तिकडे विनोद ह्यावर की ह्यांना सुचतच कसं नाही. ओमाहाच्या घरात टोमणे मारायला एक सासू असती ना, तर दोघं आपोआप एका बाजूला झाले असते.

नाटकात म्हणाल तर 'एका लग्नाची पुढची गोष्ट' आम्ही गडकरीला बघितलं होतं, दामले आणि कविता मेढेकर, पहिल्या 'गोष्टी'तलीच जोडी इतक्या वर्षांनी परत. प्रेक्षागृहात सगळी पन्नाशी साठीची जोडपी, बायका जोरात हसतायत आणि पुरुष इकडेतिकडे बघतायत. मध्यंतरात वड्याच्या रांगेत मात्र सगळे पुरुष एकदम मोकळे झाले होते, "अरे आमच्याकडे पण हेच" चाललेलं.

आणि छत्री, तुझ्या बॅगेबद्दल. ती भीती घालायला भरत नाही गं. ती खरंच चाललेली असते. तिने विचारणं बंद केलेलं असतं. जोपर्यंत बाई विचारत असते तोपर्यंत पुरुषाला वाटतं चाललंय की सगळं, नेहमीची कटकट. ती गप्प झाली की घरात वेगळाच आवाज यायला लागतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं होतं एवढंच म्हणते.

खडूस_सीए :

आजी, दंडवत. वकिली सोडली, आरोपीने गुन्हा कबूल केलाय.

तरी एक सांगतो, हा सिनेमा धंद्याच्या बाजूनेही मजेशीर आहे. बजेट साधारण ३ कोटी डॉलर आणि जगभर गल्ला ११ कोटींच्या वर. ना मारामारी, ना तरुण हिरो, साठीची दोन माणसं सोफ्यावर बसून अवघडलेली, आणि लोकांनी तिकिटं काढली. म्हणजे गिऱ्हाईक आहे ह्या मालाला. मराठीत कोणीतरी मनावर घ्या. आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्येच तीन आर्नल्ड मिळतील, मेकअपचा खर्चसुद्धा नाही.

ठाण्याची_शमा :

आजी, "तिने विचारणं बंद केलेलं असतं", हे मी आमच्या ट्रेनिंगमध्ये वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरून.

ह्याच्याशी जुळणारं जॉन गॉटमन ह्यांचं काम आहे, सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी परत बघितलं. मोठी भांडणं किती ह्यापेक्षा एकाने काहीतरी बारीकसं म्हटलं, "बघ बाहेर काय पक्षी आलाय" इतकंच, तर दुसरा मान वर करून बघतो का हे त्यांनी मोजलं. टिकलेल्या जोडप्यांत १०० पैकी ८६ वेळा मान वर झाली होती, मोडलेल्यांत ३३ वेळा. आर्नल्डच्या पेपरचं आता बघा. शेवटच्या सकाळी त्या किसपेक्षा मला तो पेपर खाली ठेवतो ते जास्त महत्त्वाचं वाटलं होतं.

दुपारची_झोप :

मग मी आईबाबांना काय दाखवू ते सांगा ना कोणीतरी. 'बधाई हो' लावू का?

ओवी_आजी :

त्यांना काही दाखवू नकोस. सगळ्या मावश्या काका आजीला घेऊन तूच सिनेमाला जा आणि त्या दोघांना घरी राहू दे.

मिसूरीची_माई :

आजी!!! 😂😂

जुना_प्रोजेक्टर :

सगळं मान्य, पण ते समुद्रकिनाऱ्यावरचं लग्न तरी कापायला हवं होतं ना? किचनमध्ये संपवला असता तर क्लासिक झाला असता. नावं येतायत आणि मागे दोघं वाळूत परत शपथा घेतायत, मुलं पण आलीयेत, फेल्ड पण आलाय. इतका वेळ जे न बोलता दाखवलं ते शेवटी आर्नल्डकडून बोलून घेतलं.

पावसाळी_छत्री :

थांबा, कुठलं लग्न? कुठला समुद्रकिनारा??

जुना_प्रोजेक्टर :

शेवटच्या क्रेडिट्सवर आहे की. बघितला नाहीत?

पावसाळी_छत्री :

नावं यायला लागली की आमच्याकडे रिमोट ज्यांच्या हातात असतो ते लगेच बातम्या लावतात. म्हणजे आर्नल्ड तिथे बोलतो? स्वतःहून? अहो मग माझी अर्धी तक्रार त्याच्यावरच होती! आज जेवणं झाली की शेवटची दहा मिनिटं परत लावते, आणि ह्यांनापण बसवते. मग येऊन सांगते.